हळदीचा स्वेटर आणि चारशे वर्षांचा गालिचा

दिवाळी सरली की जयपूरच्या गच्च्यांवर दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. उन्हात टाकलेल्या रजया आणि उन्हाकडे पाठ करून, विणकामाच्या सुया घेऊन बसलेल्या बायका. तुमच्याकडेही एव्हाना माळ्यावरची लोकरीची पिशवी खाली आली असेल. त्यात पांढरी लोकर असेल, तर ती विणायला घेण्याआधी थोडं थांबा. ती घरीच, झाडापानांच्या रंगांनी रंगवता येते. पण त्याआधी माझी एक फजिती ऐका, म्हणजे तुमची होणार नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्याला माझ्या भाच्याचा पहिला वाढदिवस होता. बाळाच्या अंगाला रासायनिक रंग नको म्हणून मी पांढरी लोकर आणली, पातेल्यात हळद उकळली आणि त्यात लोकर बुडवली. असा झळझळीत पिवळा रंग आला की शेजारच्या भाभीजीही बघायला आल्या. स्वेटर विणला, पाठवला आणि सोबत मोठ्या ऐटीत चिठ्ठी लिहिली: "संपूर्ण नैसर्गिक रंग, जाणार नाही."

मार्चमध्ये बहिणीने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हा स्वेटर मुळात कोणत्या रंगाचा होता गं?" स्वेटर मळकट पांढरा झाला होता. फक्त कॉलरच्या घडीत, जिथे ऊन पोहोचलं नव्हतं, तिथे तेवढी पिवळी पट्टी शिल्लक होती. पहिल्या धुण्याला साबण लागताच तो लालसर झाला होता, तेही तिने तेव्हाच सांगितलं. रागावली नाही बिचारी. पण "जाणार नाही" हे मी लिहून दिलं होतं, ते मला लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी महाराष्ट्रातून पाहुणे आले आणि नेहमीप्रमाणे त्यांना अल्बर्ट हॉल दाखवायला नेलं. तिथल्या एका गालिच्यासमोर मी अशी उभी राहिले की पाहुणे पुढच्या दोन दालनांत जाऊन परत आले.

अल्बर्ट हॉलचा गालिचा

जयपूरला आलात तर हा गालिचा चुकवू नका. सुमारे अठ्ठावीस फूट लांब, बारा फूट रुंद. त्यावर एक अख्खी बाग विणलेली आहे. वाहत्या पाण्याचे पाट, पाण्यात मासे, काठाने झाडं, झाडांवर पक्षी. हा इराणमधल्या किरमानचा मानतात आणि १६३२ साली तो आमेरच्या राजवाड्यात होता अशी त्याची नोंद आहे. म्हणजे जवळपास चारशे वर्षं झाली. त्याची लव लोकरीची आहे आणि तिच्यातले लाल, निळे, पिवळे अजून एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात.

पहिला कृत्रिम रंग तयार झाला १८५६ मध्ये. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने मलेरियावरचं औषध करायला घेतलं होतं, त्यातून निघाला जांभळा रंग. तेव्हा १६३२ पूर्वीचा प्रत्येक धागा झाडं, मुळं, किडे आणि खनिजं यांच्याच जोरावर रंगलेला असणार. तोही नैसर्गिक रंग आणि माझा हळदीचाही नैसर्गिकच. मग एक चारशे वर्षं टिकतो आणि दुसरा एका हिवाळ्यात का उडतो?

गालिच्याच्या बाजूने एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तो बराच काळ आमेरच्या महालात एका बंद खोलीत पडून होता आणि १९३७ मध्ये सापडला. अंधाराने त्याला सांभाळलं. पण नुसत्या अंधाराने काम भागत नाही. मुळात रंग पक्का असावा लागतो आणि तो पक्का करण्याचं शास्त्र आहे. मी तेच वगळलं होतं.

लोकर, तुरटी आणि झाड

लोकर म्हणजे आपल्या केसांसारखंच प्रथिन. त्यामुळे ती कापसापेक्षा रंग सहज धरते. जयपूरजवळच्या बगरूला छिपा कारागिरांकडे कधी गेलात तर दिसेल की सुती कापडाला रंग देण्याआधी ते त्याला हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्यातलं टॅनिन कापसाला रंग धरायला मदत करतं. लोकरीला ही पायरी लागत नाही. तिला लागते तुरटी.

तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने लोकरीला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला. म्हणून तिला रंगबंधक म्हणतात. बगरूच्या छपाईतला लाल रंगही असाच येतो. ठशाने कापडावर तुरटीची पेस्ट उमटवतात, ती जवळजवळ दिसतही नाही. मग कापड रंगाच्या कढईत उकळतात आणि जिथे जिथे तुरटी लागली तिथेच लाल उमलतो. काळ्यासाठी लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून शाई करतात, ती हिरड्याशी मिळून काळी होते. बघणाऱ्याला जादू वाटते, पण ही पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली रसायनविद्याच आहे.

तिसरी गोष्ट झाडाची निवड. ज्याने हात रंगतात त्या प्रत्येक वस्तूने लोकर पक्की रंगते असं नाही. हळद तुरटीशिवायही लगेच चढते, म्हणून आपण फसतो. तिच्यातला रंग उन्हात मोडतो आणि साबणाने लाल होतो. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर. बीट, जास्वंद, जांभूळ यांचे रंगही पातेल्यात सुंदर दिसतात आणि लोकरीवर टिकत नाहीत. होळीला इथे टेसूच्या, म्हणजे आपल्या पळसाच्या फुलांचा रंग खेळतात. तो होळीपुरताच ठेवावा. रंगून धुऊन टाकायचा रंग तो.

टिकणारे वेगळे. मंजिष्ठेची मुळं, डाळिंबाची साल, अक्रोडाची हिरवी साल, नीळ. यातलं बरंचसं जयपूरच्या पंसाऱ्याकडे किंवा आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. इथे मंजिष्ठेला मजीठ म्हणतात. कांद्याची साल आणि झेंडू मधल्या पायरीवर येतात. त्यांचा रंग हळूहळू मवाळ होतो, पण हळदीसारखा दगा देत नाही.

नीळ मात्र घरी पहिल्याच खेपेला करू नका. बगरूचे निळीचे हौद चुन्याचे असतात. कापसाला ते चालतं, पण तीव्र क्षाराने लोकर कमजोर होते. तिच्यासाठी सौम्य हौद लावावा लागतो आणि ते काम शिकूनच करावं.

आपली घोंगडी, त्यांची पांढरी मेंढी

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे आजी-पणजीने लोकर रंगवल्याचं कधी ऐकलं नाही. बरोबर आहे. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या बहुतेक काळ्या. घोंगडी काळ्या लोकरीचीच विणायची आणि चिंचोक्याची खळ लावून कडक करायची. काळ्यावर कोणता रंग दिसणार?

राजस्थानात शेखावाटीची चोकला आणि बिकानेरकडची मगरा या मेंढ्यांची लोकर पांढरी. पांढऱ्यावर कोणताही रंग खुलतो. जयपूरपासून काही तासांवर, टोंक जिल्ह्यात मालपुऱ्याजवळ अविकानगर आहे. तिथे १९६२ पासून केंद्र सरकारची मेंढी व लोकर संशोधन संस्था काम करते. गावाचं नावच मेंढीवरून पडलं आहे, संस्कृतात 'अविका' म्हणजे मेंढी.

आधी लोकर खरी आहे का ते बघा

हळदीच्या स्वेटरनंतर मी पुन्हा एकदा फसले, ते इथे. दुकानात "लोकर द्या" म्हटलं की जे हातात पडतं त्यातलं पुष्कळसं अॅक्रिलिक असतं. एकदा मी तशा लडी तासभर तुरटीत आणि तासभर कांद्याच्या सालीत उकळल्या. पाणी सोनेरी झालं, लडी पांढऱ्याच्या पांढऱ्या.

म्हणून एक छोटी परीक्षा करा. बोटभर धागा चिमट्यात धरून, बेसिनच्या वर, मेणबत्तीला लावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो, ती रेंगाळत जळते आणि उरलेली काळी राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा मोठ्यांनीच करावी.

शंभर ग्रॅम लोकरीची कृती

साहित्य: पांढरी लोकर १०० ग्रॅम, तुरटीची पूड १२ ते १५ ग्रॅम, कांद्याची वाळलेली साल १०० ग्रॅम. सालीचं वजन ऐकून दचकू नका. साल हलकी असते, मोठी पिशवी भरून लागते. महिनाभर साठवा, भाजीवाल्याला सांगून ठेवा. तो पोत्याच्या तळाची साल आनंदाने देतो.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढई आणि तांब्याचं पातेलं रंग बदलतं. जे भांडं रंगाला वापराल ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. डाव, गाळणी, चमचेही वेगळे ठेवा.

१. गुंडा सोडवून लोकरीची लड करा. चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. आवळून बांधलीत तर तिथे रंग पोहोचत नाही आणि पांढरे पट्टे राहतात.

२. रिठ्याच्या कोमट पाण्यात लड हलकेच धुवा, म्हणजे तेलकटपणा जाईल. मग तासभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. कोरडी लोकर रंग सारखा घेत नाही.

३. तुरटी थोड्या गरम पाण्यात विरघळवा आणि चारेक लिटर कोमट पाण्यात मिसळा. ओली लड त्यात सोडा. मंद आचेवर पाऊण तासात पाणी चांगलं गरम होऊ द्या. वाफा येतील, कडेला बारीक बुडबुडे दिसतील, पण खळखळून उकळू देऊ नका. तसंच पाऊण तास ठेवा. गॅस बंद करून लड रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या.

४. दुसऱ्या भांड्यात साल तासभर उकळा आणि गाळून घ्या. गाळलेला रंग कोमट होऊ द्या. मग तुरटीतली लड हलकी निथळून त्यात सोडा. पुन्हा मंद आच, पुन्हा तासभर. मधूनमधून लड हळूच खालीवर करा. ढवळू नका.

५. लड पाण्यातच गार होऊ द्या. नंतर साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम लोकर एकदम गार पाण्यात घालू नका, गार लोकर एकदम गरम पाण्यात घालू नका आणि चोळू नका. तापमानाचा धक्का आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि ती आक्रसून घट्ट होते. टोंकचे कारागीर मुद्दाम हेच करून नमदे बनवतात. तुम्हाला नमदा नको आहे, स्वेटर हवा आहे.

याच कृतीने सालीऐवजी दुसरं काही घेता येतं. कांद्याची साल सोनेरी-तांबूस रंग देते. डाळिंबाची वाळलेली साल लोकरीच्या वजनाइतकी घेतली तर मेंदीकडे झुकणारा पिवळा येतो. ताजा झेंडू लोकरीच्या दुप्पट-तिप्पट घ्या, गडद पिवळा मिळेल. दसरा-दिवाळीची तोरणं उतरवली की ती फुलं टाकू नका. मंजिष्ठेची पूड लोकरीच्या वजनाइतकी घेऊन रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी आच फारच मंद ठेवा. पाण्यात बोट जेमतेम क्षणभर टेकवता येईल इतपतच. जास्त तापलं की लाल जाऊन तपकिरी येतो. पहिल्या खेपेला माझा विटकरी झाला होता, दुसऱ्या खेपेला डाळिंबी.

बोअरचं पाणी असेल तर रंगात फरक पडेल हेही लक्षात ठेवा. क्षारांनी जड पाण्यात पिवळे रंग मळकट होतात, मंजिष्ठा मात्र थोड्या चुन्याच्या पाण्यात उलट खुलते. जयपुरात आमच्या नळाला बिसलपूर धरणाचं पाणी येतं आणि टँकर बोअरचं असतो. त्या दोन पाण्यांत मला एकाच सालीचे दोन वेगळे रंग मिळाले आहेत. म्हणून एका स्वेटरची सगळी लोकर एकाच वेळी, एकाच पाण्यात रंगवा. पुन्हा तोच रंग जुळवणं जवळजवळ अशक्य.

रंग गडद करायचा तर हिराकस वापरतात. डाळिंबाच्या पिवळ्याचा त्याने काळपट हिरवा होतो. पण १०० ग्रॅम लोकरीला एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते. जुन्या कृतींमध्ये मोरचूद आणि क्रोमची संयुगंही सांगितलेली असतात. रंग छान येतो, पण दोन्ही विषारी. घरात मुलं आहेत, ते दोन्ही आणूच नका. हिराकस आणि तुरटीही मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पूड हाताळताना नाकाला रुमाल बांधा.

गच्चीवरची परीक्षा

रंगवलेल्या लोकरीचा वीतभर तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळा. अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्याने झाका आणि दोन आठवडे उन्हात ठेवा. जयपूरचं ऊन फार कडक परीक्षक आहे, तुमच्याकडचंही काही कमी नसेल. मग झाकण काढून दोन्ही भाग शेजारी बघा. दुसरा तुकडा पांढऱ्या सुती चिंधीबरोबर, तुम्ही रोज वापरता त्याच साबणाने धुवा आणि चिंधी बघा. या दोन परीक्षांत उतरला तो रंग बाळाच्या स्वेटरला वापरा. मी हळदीच्या वेळी हे दोन आठवडे वाचवले होते. ते कॉलरखालच्या पट्टीने वसूल केले.

नैसर्गिक म्हणजे काय?

मंजिष्ठेतला लाल रंग १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. रेणू तोच, पण स्वस्त, आणि दर वेळी एकसारखा. मुळं खणणारे आणि निळीची शेती करणारे काही वर्षांतच मागे पडले. बगरूतही आज अनेक ठिकाणी मजीठऐवजी अॅलिझरीन वापरतात. त्यात गैर काही नाही, मात्र विकताना तसं सांगितलं पाहिजे.

कृत्रिम रंग सगळे वाईट नाहीत आणि नैसर्गिक सगळे निर्दोष नाहीत. काही अझो रंग आरोग्याला घातक ठरल्याने भारत सरकारने १९९० च्या दशकात त्यांच्यावर बंदी घातली. सांगानेरच्या कापड छपाईचं रंगीत सांडपाणी हा इथे न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. पण झाडांच्या रंगालाही पाणी भरपूर लागतं, गॅस लागतो आणि तुरटीचं पाणी कुठेतरी ओतावं लागतं. मी ते पाणी टाकत नाही, पुढच्या लडीला निम्मी तुरटी घालून पुन्हा वापरते. एवढं आपल्या हातात आहे.

बाजारात "नॅचरल डाय" असं लिहिलेली शाल किंवा गालिचा घ्याल तेव्हा नुसत्या डोळ्यांनी खरं-खोटं ओळखता येणार नाही. पण तीन प्रश्न विचारा. कोणत्या झाडाचा रंग? त्याला काय घालून पक्का केला? धुवायचा कसा? ज्याने स्वतः रंगवलं आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि चार गोष्टी जास्तच सांगतो. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे "नॅचरल" एवढा एकच शब्द असतो. माझ्या चिठ्ठीतही तेवढाच होता.

भाचा आता शाळेत जातो. गेल्या हिवाळ्यात त्याला मंजिष्ठेच्या लाल लोकरीचा नवा स्वेटर पाठवला. या वेळी आधी दोन आठवडे गच्चीवर धागा ठेवला, मगच विणायला घेतलं. चिठ्ठीत लिहिलं: "मंजिष्ठा आणि तुरटी. रिठ्याने धुणे, सावलीत वाळवणे. काही वर्षांनी थोडा मवाळ होईल, तेव्हा कळव." बहिणीने उत्तर पाठवलं, "आता कसं खरं बोललीस!" जुना हळदीचा स्वेटर तिने टाकला नाही. तो माझ्याकडे परत आला आहे आणि या रविवारी कांद्याच्या सालीत जाणार आहे. लोकर चांगली आहे, तिचा काय दोष?

तुम्हीही आजपासून साल साठवायला लागा. संक्रांतीपर्यंत एका टोपीपुरती नक्की होईल.